गर्भपाताला बंदी नाही. बंदी आहे ती लिंगनिवडीला

गर्भपात कायदेशीर असावा की नसावा, हा वाद जगात पुन्हा पेटला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी आपलाच १९७३ सालचा निकाल फिरवला. त्यानंतर तिथल्या अनेक राज्यांनी गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. उलट फ्रान्सने मार्च २०२४ मध्ये गर्भपाताचे स्वातंत्र्य थेट राज्यघटनेत लिहिले. या बातम्या टीव्हीवर येतात, मोबाइलवर फिरतात आणि मग आपल्या पारावरही बोलणे निघते. एक जण म्हणतो, "आपल्याकडं तर बंदीच हाय, केस होती." दुसरा म्हणतो, "कशाची केस? पैसे टाकले की सगळं होतंय." दोघेही चुकतात, आणि या दोन्ही समजुतींची किंमत गावातली बाई भरते.

शेतीचा माणूस या विषयात कशाला पडतो, असे काही वाचक म्हणतील. पंचायत समितीत विस्ताराचे काम करताना बचत गटांच्या आणि महिला शेतीशाळांच्या बैठका नेहमीच होतात. बियाणे-खताचे बोलणे संपले की बायका आपसांत जे बोलतात ते कानावर येतेच. शिवाय खुरपणी, वेचणी, लावणी, ऊसतोड या सगळ्या कामांत राबणारे शरीर कोणाचे, हे शेतकरी बंधूंना सांगायला नको. म्हणून हा विषय फक्त दवाखान्याचा नाही, गावगाड्याचा आहे.

दोन कायदे, दोन कामे

कोणत्याही दवाखान्यात जा, दारातच पाटी दिसते : "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे." ही पाटी बरोबर आहे आणि ती हवीच. पण वीस-पंचवीस वर्षे एकच पाटी वाचून लोकांच्या मनात पक्के बसले की गर्भपात म्हणजेच गुन्हा. दुसरा कायदाही आहे, याची पाटी सहसा कुठे दिसत नाही.

पहिला कायदा वैद्यकीय गर्भपाताचा. तो १९७१ साली संसदेने केला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. कोणत्या कारणासाठी, किती आठवड्यांपर्यंत, कोणत्या डॉक्टरकडून आणि कुठल्या ठिकाणी गर्भपात करता येतो, हे तो सांगतो. दुसरा कायदा गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ साली केला. असा कायदा करणारे आपले पहिले राज्य. त्यानंतर केंद्राने १९९४ साली देशभरासाठी कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. पोटातले मूल मुलगा की मुलगी हे पाहणे, सांगणे, विचारणे, त्यासाठी दबाव आणणे, हे सगळे त्यात गुन्हे आहेत.

म्हणजे पहिला कायदा बाईच्या अडचणीत दार उघडतो आणि दुसरा मुलीच्या जिवावर उठलेल्याला अडवतो. दोन्ही एकाच वेळी पाळता येतात. बांधबंदिस्ती करताना पाणी अडवायचे आणि जादा पाण्याला सांडवाही ठेवायचा, हे शेतकऱ्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. इथेही तसेच आहे.

कायदा आला तो महाराष्ट्राच्या वाटेने

इंग्रजांनी १८६० साली दंडसंहिता केली. तिच्यात बाईचा जीव वाचवण्याखेरीज इतर कोणत्याही कारणासाठी केलेला गर्भपात गुन्हा ठरवला. करणारा तर आरोपी होताच, पण स्वतः करून घेणारी बाईसुद्धा आरोपी होती. त्या काळात त्याचा फटका सर्वांत जास्त विधवांना बसला. पुनर्विवाहाला समाजाची बंदी आणि पाऊल वाकडे पडले किंवा घरातल्याच कोणी जबरदस्ती केली, तर बाईपुढे विहीर किंवा काळे पाणी. म्हणून तर जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. या प्रश्नाकडे फक्त पाप-पुण्य म्हणून न पाहता बाईची अडचण म्हणून पाहण्याची वाट आपल्या मातीत तेव्हाच पडली होती.

स्वातंत्र्यानंतरही चोरून गर्भपात चालूच राहिले. काडी घालणे, जडीबुटी देणे, पोट दाबणे अशा प्रकारांनी बायका मरत राहिल्या. तेव्हा केंद्र सरकारने १९६४ साली महाराष्ट्राचे त्या वेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने डिसेंबर १९६६ मध्ये अहवाल दिला आणि त्यावरून १९७१ चा कायदा झाला.

त्याच १९६६ साली युरोपातल्या रुमानिया देशाने उलटी दिशा धरली. लोकसंख्या वाढवायची म्हणून तिथल्या सरकारने गर्भपातावर कडक बंदी घातली. सुरुवातीला जन्मदर वाढला, नंतर पुन्हा खाली आला, पण चोरून होणारे गर्भपात आणि त्यातले मृत्यू वाढतच गेले. १९८९ साली तिथे एक लाख जन्मांमागे दीडशेहून अधिक माता दगावत होत्या आणि त्यांतल्या बहुतेक गर्भपातातच जात होत्या. त्या वर्षाच्या डिसेंबरात राजवट उलथली, बंदी उठली आणि पुढच्या एका वर्षात मातामृत्यू जवळपास निम्म्यावर आले. डॉक्टर तेच, दवाखाने तेच. बदलला होता तो फक्त कायदा.

वाद काय आहे, तो समजून घेऊ

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की पोटातला गर्भ हाही जीव आहे आणि जीव घेण्याचा अधिकार कोणाला नाही. आपल्या गावात माळकरी मंडळी आहेत, सर्व धर्मांचे श्रद्धावान लोक आहेत. त्यांची ही भावना खरी आहे आणि तिची चेष्टा करण्याचे कारण नाही. ज्यांना हे पाप वाटते त्यांनी ते करू नये. कायदा कोणावरही सक्ती करत नाही. उलट बाईच्या संमतीशिवाय गर्भपात करणे हा फार मोठा गुन्हा आहे. त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, नाही तर थेट जन्मठेप होऊ शकते. "मुलगी हाय, पाडून टाक" म्हणून सुनेला दवाखान्यात ओढून नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी बाजू म्हणते की नऊ महिने ओझे वाहायचे, बाळंतपणात जीव धोक्यात घालायचा आणि पुढे पोर वाढवायचे, हे सगळे बाईलाच करावे लागते. मग निर्णयही तिचाच हवा. या बाजूला बळ देणारी एक घटना आपल्या शेजारच्या बेळगावशी जोडलेली आहे. मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये राहत होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात त्यांचा गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना कळले होते. पण गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर हात लावता येत नाही, असे त्यांना सांगण्यात आले. जंतुसंसर्ग अंगभर पसरला आणि त्या गेल्या. त्यावर त्या देशात मोठे आंदोलन झाले. २५ मे २०१८ रोजी सार्वमत घेतले गेले आणि ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी राज्यघटनेतली बंदी काढून टाकली.

गर्भ हा जीव आहे की नाही, यावर पारावर रात्र जागवली तरी एकमत होणार नाही. पण बंदी घातली की गर्भपात थांबतात का, या प्रश्नाला रुमानियाने उत्तर दिलेले आहे. ते थांबत नाहीत. ते अंधारात जातात आणि त्यांच्याबरोबर बाईही जाते.

हक्क की सवलत?

आता आपल्या कायद्याचे खरे रूप पाहू. आपल्याकडे "माझी इच्छा आहे" एवढ्यावर गर्भपाताचा हक्क मिळत नाही. इंग्रजांच्या वेळचे गुन्ह्याचे कलम अजून उभेच आहे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही ते ८८ व्या कलमात आले आहे. १९७१ चा कायदा म्हणजे त्या गुन्ह्याला दिलेली सवलत आहे.

ही सवलत मात्र बऱ्यापैकी मोठी आहे. बाईच्या जिवाला धोका असेल, तिच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होणार असेल किंवा गर्भात मोठे व्यंग असेल, तर गर्भपात करता येतो. बलात्कारातून दिवस गेले असतील किंवा पाळणा लांबवण्याचे साधन फसले असेल, तर मानसिक इजा होते असेच कायदा धरून चालतो. तांबी निघाली, गोळी चुकली, निरोध फाटला, नसबंदी फसली, ही सगळी साधन फसल्याची उदाहरणे. पूर्वी साधन फसल्याचे कारण फक्त विवाहितेला चालत असे. २०२१ च्या दुरुस्तीत "विवाहित स्त्री आणि तिचा नवरा" हे शब्द काढून "कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार" असे शब्द घातले गेले.

संमती कोणाची लागते? बाई अठरा वर्षांची असेल तर फक्त तिची. नवऱ्याची नाही, सासूची नाही, भावाची नाही. पण प्रत्यक्षात अनेक दवाखान्यांत "नवऱ्याला घेऊन या, सही लागेल" असे सांगितले जाते. सातबारा बाईच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची, अशी ही गत आहे. शिवाय तिचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. ते फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात आणखी एक पाऊल टाकले. वीस ते चोवीस आठवड्यांची सवलत अविवाहित स्त्रीलाही आहे, आणि या कायद्यापुरते बोलायचे तर नवऱ्याने केलेली जबरदस्तीही बलात्कारात धरली जाईल, असे न्यायालयाने सांगितले. देशातल्या महिला संघटनांची मागणी याच्याही पुढची आहे. निदान सुरुवातीच्या आठवड्यांत तरी निर्णय डॉक्टरच्या मतावर न ठेवता बाईवर सोडावा, असे त्या म्हणतात. खरा वाद आता इथे आहे.

आठवड्यांचा हिशेब

शेतीत वेळ चुकली की खत-पाणी, औषध सगळे असूनही पीक हातचे जाते. गर्भपाताच्या कायद्यातही वेळच सर्वांत महत्त्वाची आहे.

वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत, पात्र डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि तेही ठरावीक स्त्रियांनाच चालते. बलात्कारपीडित, अठरा वर्षांखालील मुली, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रिया, गर्भात मोठे व्यंग असलेल्या आणि सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत सापडलेल्या स्त्रिया त्यात येतात. यातले विधवेचे कलम आपल्या भागाने नीट वाचावे. कर्त्या शेतकऱ्याने जीवन संपवले आणि मागे राहिलेली पत्नी पोटुशी असेल, तर तिला हा मार्ग कायद्याने दिलेला आहे. त्या मार्गाने जायचे की मूल वाढवायचे, हे तिने ठरवायचे. भावकीने नाही. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात मोठे व्यंग असेल तरच वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते. बाईचा जीव तातडीने वाचवायचा असेल, तर मात्र आठवड्यांची अट नाही.

आठवडे मोजायचे कसे? शेवटची पाळी ज्या दिवशी आली त्या दिवसापासून. पाळी चुकली त्या दिवसापासून नव्हे. इथे बहुतेकींचा चार आठवड्यांचा हिशेब चुकतो. म्हणजे बाईला वाटते तीन महिने झाले, पण कागदावर चार भरत आलेले असतात.

उशीर कसा घात करतो, याचे उदाहरण ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले. दोन मुलांच्या आईला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. धाकटे मूल अंगावर पीत असल्याने पाळी आलेलीच नव्हती. त्यामुळे तिला फार उशिरा कळले. तोवर सव्वीस आठवडे झाले होते. जिवाला धोका नाही, गर्भात व्यंग नाही, म्हणून न्यायालयाने परवानगी नाकारली. "अंगावर पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत" ही समजूत आपल्या घराघरांत आहे. ती अर्धीच खरी आहे. पहिले सहा महिने, बाळाला फक्त आईचे दूध आणि पाळी सुरू झालेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच तिचा काही भरवसा.

दुसरा उशीर ऊसतोडीचा. गळीत हंगामात कोयता घेऊन गेलेली बाई परजिल्ह्यात, नाही तर परराज्यात असते. मुकादमाची उचल डोक्यावर, खाडा केला तर पैसे कापले जाणार. पाळी चुकली तरी दवाखान्याची वाट माहीत नाही. गावाकडे आल्यावर बघू म्हणता म्हणता पट्टा पडेपर्यंत पाचवा महिना लागतो.

मुली कमी झाल्या, त्याचे काय?

इथे एक रास्त शंका येते. "गर्भपात सोपा केला, तर लोक मुलीच पाडतील." ही शंका घेणाऱ्याला वेड्यात काढू नये. आकडे भयंकर आहेत. शून्य ते सहा वयोगटात एक हजार मुलांमागे मुली किती, हे जनगणना सांगते. महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात २०११ साली फक्त ८०७. पुढे २०१२ साली परळीतले प्रकरण उघड झाले. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला एका विवाहितेच्या मृत्यूनंतर ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले.

पण ही दोन्ही प्रकरणे बारकाईने पाहा. दोन्ही ठिकाणी आधी एका बाईचा जीव गेला, मगच सगळे बाहेर आले. दोन्हीकडे जे चालले होते ते कायदेशीर गर्भपाताच्या चौकटीबाहेर होते. म्हैसाळचा डॉक्टर तर होमिओपॅथीचा होता, त्याला गर्भपात करण्याची परवानगीच नव्हती. म्हणजे मुली मारणारे लोक कायद्याच्या दाराने येत नाहीत, ते मागच्या दाराने येतात. पुढचे दार बंद केले तर मागच्या दाराचा धंदा वाढतो.

दुसरी गोष्ट वेळेची. सोनोग्राफीत लिंग दिसते ते साधारण बारा-चौदा आठवड्यांनंतर. साधन फसलेली, तिसरे-चौथे मूल झेपणार नाही म्हणणारी बाई पाळी चुकल्याबरोबर वेळेवर आली, तर तिचे काम त्याच्या आधीच होते. तिथे मुलगा-मुलीचा प्रश्नच येत नाही. तिला दवाखान्यातून परत पाठवले, सही मागितली, "वरच्या दवाखान्यात जा" म्हटले, तर ती चौथ्या महिन्यात ढकलली जाते. मग तिच्याकडे संशयाने पाहिले जाते, "पहिल्या दोन मुली आहेत ना, म्हणून आलीस." म्हणजे संशय आपणच तयार करतो आणि शिक्षाही तिलाच देतो. रक्तावरून लिंग आणखी लवकर कळण्याच्या चाचण्या आता निघाल्या आहेत, हे खरे. पण लिंग पाहण्यासाठी त्यांचा वापर करणे हाही गुन्हाच आहे आणि पाळत ठेवायची ती त्या चाचणीवर. अडलेल्या बाईवर नव्हे.

लिंगनिदानाच्या कायद्याने स्वतः हा फरक केलेला आहे. नवरा आणि नातेवाइकांनी बाईवर दबाव आणला असेल, असे न्यायालयाने गृहीत धरावे असे त्यात लिहिले आहे. तपासणीसाठी नेणाऱ्यांना पहिल्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. गुन्हेगार कोण, हे कायद्याला कळते. आपल्याला कळायचे आहे.

"स्त्रीभ्रूणहत्या" या शब्दानेही गोंधळ वाढवला. हेतू चांगला होता, पण ऐकणाऱ्याच्या मनात प्रत्येक गर्भपात म्हणजे हत्या असे बसले. "गर्भलिंग निवड" म्हटले तर गुन्हा नेमका कशात आहे, ते कळते.

गोळ्यांचा चोरटा बाजार

२०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या मासिकात आलेल्या अभ्यासाने दिला. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश, म्हणजे ७३ टक्के, दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन झाले. दवाखान्यात झाले ते फक्त २२ टक्के. कायदा होऊन चव्वेचाळीस वर्षे झाल्यावरची ही स्थिती.

या गोळ्या स्वतः वाईट नाहीत. योग्य वेळी, डॉक्टरच्या देखरेखीखाली त्या सुरक्षित आहेत आणि नऊ आठवड्यांपर्यंत कायद्याने चालतात. धोका आहे तो न तपासता घेण्यात. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर गोळीने तो पडत नाही आणि नळी फुटून बाई तासाभरात जाऊ शकते. दिवस जास्त भरलेले असतील तर रक्तस्राव थांबत नाही. अंगात आधीच रक्त कमी असेल तर तेवढा वेळही मिळत नाही. परळीच्या प्रकरणानंतर राज्यात औषध दुकानांवर धडक कारवाई झाली, तेव्हा अनेक दुकानदारांनी कटकट नको म्हणून या गोळ्या ठेवणेच सोडले. परिणाम असा की चिठ्ठी घेऊन सरळ मार्गाने गेलेल्या बाईला गोळी मिळेना आणि चोरून विकणाऱ्याचा भाव वाढला. बनावट कीटकनाशकांचा अनुभव आपल्याला आहे. परवानाधारक दुकानात माल नसला की लोक बॅगवाल्याकडे जातात. पावती नाही, हमी नाही. इथे तर पिकाऐवजी माणूस आहे.

गावाने काय करावे

कायदा दिल्लीत होतो, पण तो पोचवायचे काम गावातच होते. म्हणून काही गोष्टी थेट सांगतो.

पहिली, माहिती. सरकारी रुग्णालयाला गर्भपातासाठी वेगळी मान्यता लागत नाही, मात्र तिथे प्रशिक्षित डॉक्टर आणि सोय असावी लागते. खासगी दवाखान्याला जिल्हा समितीची मान्यता लागते आणि ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. आपल्या तालुक्यात अशी ठिकाणे कोणती, ही यादी ग्रामपंचायतीने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून मागून घ्यावी आणि आशाताई व अंगणवाडी सेविकांकडे ठेवावी. लिंगनिदानाच्या पाटीशेजारी दुसरी पाटी लावावी : "कायदेशीर गर्भपाताची सोय कोठे आहे, ते येथे विचारा. नाव गुप्त राहील."

दुसरी, मागणी. ग्रामीण रुग्णालयात प्रशिक्षित डॉक्टर नसेल तर त्यासाठी पंचायत समितीच्या बैठकीत सदस्यांनी प्रश्न विचारावा. रस्ता-गटारीवर तासभर बोलतो, यावर पाच मिनिटे तरी बोलू.

तिसरी, बालविवाह. गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी कोण, तर ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी. अठरा वर्षांखालच्या मुलीचे लग्न लावले आणि तिला दिवस गेले, तर गर्भपातासाठी पालकाची संमती लागते आणि पोक्सोखाली पोलिसांना कळवावे लागते. त्या भीतीने घरचे दवाखाना टाळतात आणि पोरगी घरगुती उपायांना बळी पडते. डॉक्टरने पोलिसांना कळवताना मुलीचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या निकालात सांगितले आहे. मुलगी आणि पालक विनंती करत असतील तर नाव झाकता येते. हे पोलीस पाटलांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी लोकांना सांगावे. अर्थात पत्रिका छापण्याआधीच लग्न थांबवले, तर पुढचे काहीच उद्भवत नाही.

चौथी, पाळणा लांबवण्याची साधने. तांबी, गोळ्या, निरोध, इंजेक्शन हे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. पुरुष नसबंदीची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे, पण पुढे कोण येतो? सगळा भार बाईवर टाकायचा आणि साधन फसले की तिलाच बोल लावायचा, हे पुरुष मंडळींनी सोडले पाहिजे.

पाचवी, हंगाम. गावातून टोळ्या निघण्याआधी आशाताईंनी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना एकदा गाठावे. साधने द्यावीत, पाळीची तारीख लिहून ठेवायला सांगावे आणि पाळी चुकली तर जिथे असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात जा, हे बजावावे. कारखान्याच्या गटाला तिथली आशाताई जोडून दिली, तर पाचवा महिना लागायची वेळ येणार नाही.

ग्रामसभेत असले विषय घ्यायला लाज वाटते, असे सरपंच म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा तोही विषय लाजेचाच समजला जात होता. त्याच महिन्यात राज्य सरकारने तो ठराव इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला.

गर्भपात चांगला की वाईट, यावर वाचकांची मते वेगवेगळी राहतील आणि राहू द्यावीत. कायद्यात आणखी सुधारणा हवी की नको, हे संसद आणि न्यायालये ठरवतील. पण आज जो कायदा आहे तो आपल्या गावातल्या बाईला माहीत असावा, वेळेत माहीत असावा आणि त्यासाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढे तरी मतभेद बाजूला ठेवून करता येईल. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ही एक ओळ घाला. तिला खर्च काही येत नाही.